सेवेतून हाताला काम : केडगाव ते पाबळ



आज आपण आपल्याच भागातल्या इतिहासाची थोडी पानं उलटणार आहोत. कारण असं, की आपल्या गटांच्या बैठकीत अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. "माझी पोरगी बारावी झाली, बीए झाली. पायानं अधू आहे," किंवा "तिला कमी दिसतं," किंवा "तिला ऐकू येत नाही. पण हुशार आहे. तिला काम कुठं मिळेल?" मग आपण चौकशी करतो. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत विचारतो, दवाखान्यात विचारतो, पतसंस्थेत विचारतो. सगळीकडून एकच उत्तर येतं : "अनुभव काय आहे?"

हा गुंता आपल्या ओळखीचा आहे. काम नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून काम नाही. धडधाकट पोरं यातून कशीबशी वाट काढतात. सुट्टीत कुणाच्या दुकानात बसतात, मामाच्या गॅरेजवर जातात, लग्नसराईत वाढपी म्हणून जातात. दिव्यांग मुलीला मात्र या वाटाही बंद असतात. तिला घरातलेच म्हणतात, "तू बस गं, तुला कशाला त्रास?" मायेनं म्हणतात, पण त्या मायेत तिची उमेदीची वर्षं निघून जातात.

यावर एक जुनी वाट आहे. पगाराचं काम मिळण्याआधी सेवेचं काम करायचं, त्यातून शिकायचं, आणि ते शिकलेलं दाखवून पुढं जायचं. ही वाट शहरातल्या लोकांनी काल-परवा शोधलेली नाही. आपल्या दौंड तालुक्यात केडगावला ती सव्वाशे वर्षांपूर्वी पडली, आणि शिरूर तालुक्यात पाबळला चाळीस वर्षांपूर्वी. पण त्या वाटेवर खड्डेही आहेत. तेही आज पाहू.

पंडिता रमाबाईंचे कान

केडगावचं मुक्ती मिशन आपण सगळ्यांनी पाहिलंय, निदान रेल्वेतून जाताना नाव तरी ऐकलंय. ते उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळात बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर देशभर पायी फिरल्या, कलकत्त्याला विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. लग्न झालं, मुलगी झाली, आणि दोनच वर्षांत नवरा वारला. १८८२ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज काढला. एवढं आपल्याला शाळेत सांगतात.

एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. रमाबाईंना ऐकू कमी येत होतं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नाहीत आणि औषधाविना मरतात, म्हणून बाई डॉक्टर हव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारच्या शिक्षण आयोगापुढंही त्यांनी ते मांडलं होतं. पण तिथं पोचल्यावर कळलं, की कानांच्या दोषामुळं डॉक्टरीचं शिक्षण त्यांना घेता येणार नाही. सातासमुद्रापार गेलेली, पदरात मूल असलेली विधवा, आणि जिच्यासाठी गेली तेच दार बंद.

पुढं काय झालं ते महत्त्वाचं आहे. चेल्टनहॅम गावी मुलींचं एक मोठं कॉलेज होतं, डोरोथिया बील नावाच्या बाई त्याच्या प्रमुख होत्या. त्यांनी रमाबाईंना विद्यार्थिनी म्हणून घेतलं, आणि त्याबरोबर संस्कृत शिकवण्याचं कामही दिलं. म्हणजे रमाबाई एका वर्गात शिकत होत्या आणि दुसऱ्या वर्गात शिकवत होत्या. कानांना जे जमत नव्हतं त्यावर अडून न बसता, जे त्यांना उत्तम येत होतं ते त्यांच्याकडून करून घेतलं गेलं. शाळा कशी चालते, वर्ग कसा सांभाळायचा, मुलींकडून अभ्यास कसा करून घ्यायचा, हे त्या तिथं प्रत्यक्ष कामातून शिकल्या. नंतर अमेरिकेत जाऊन लहान मुलांना खेळातून शिकवण्याची पद्धत शिकल्या. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, तेव्हा शाळा चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीला होता.

मैत्रिणींनो, एवढं ध्यानात ठेवा. ज्या बाईला एका कामासाठी अपात्र ठरवलं, तिला दुसरं खरं काम मिळालं, आणि त्या कामानं तिला घडवलं. बील बाईंनी तिला बसवून ठेवलं असतं, तर केडगाव उभं राहिलं असतं का, सांगता येत नाही.

दुष्काळातल्या पोरी आणि थोरल्या ताया

शारदा सदन मुंबईहून पुण्याला आलं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ पोरी घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, मुलींना शहरात ठेवणं अवघड झालं. केडगावला संस्थेची जमीन होती. तिथं छपरं उभी राहिली, विहिरी खणल्या गेल्या, आणि मुक्ती सदन वसलं. १९०० च्या सुमारास गुजरातेतही दुष्काळ पडला, तिकडूनही मुली आल्या. माणसं दोन हजारांच्या घरात गेली.

आता विचार करा. शेकडो पोरी, कुणाच्या अंगावर मांस नाही, कुणाला खरूज, कुणाला अक्षरओळख नाही, भाषा वेगवेगळ्या. यांना सांभाळणार कोण? तेव्हा शारदा सदनात शिकलेल्या थोरल्या मुली पुढं झाल्या. काल ज्या विद्यार्थिनी होत्या, त्या आज धाकट्या मुलींच्या शिक्षिका आणि सांभाळणाऱ्या झाल्या. त्यांना न्हाऊ-माखू घालणं, खाऊ घालणं, पाटीवर अक्षर गिरवून घेणं, आजारी पडल्यावर रात्र जागवणं. आधी ती सेवा होती. करता करता त्यांच्यातूनच मुक्तीच्या शिक्षिका, देखरेख करणाऱ्या बाया आणि कामाच्या खात्यांच्या प्रमुख तयार झाल्या.

मुक्तीत खाती तरी किती! शेती, गाई-म्हशी, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धोबीकाम आणि छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्याचे खिळे जुळवणाऱ्या आणि पानं छापणाऱ्या बायका याच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या दौंड तालुक्यात बायका छापखाना चालवत होत्या. गाव त्यांना टाकून दिलेल्या म्हणत होतं.

बार्तिमी सदन

त्या दुष्काळातल्या मुलींमध्ये आंधळ्या मुलीही होत्या. देवीच्या रोगानं आणि कुपोषणानं त्या काळी डोळे जाणं ही रोजची गोष्ट होती. त्यांच्यासाठी मुक्तीत वेगळं घर झालं, त्याचं नाव बार्तिमी सदन. बायबलात बार्तिमी नावाचा एक आंधळा भिकारी आहे, रस्त्याच्या कडेला बसून भीक मागणारा. त्याला दृष्टी मिळते, अशी ती गोष्ट. मुक्तीतल्या मुलींना दृष्टी मिळाली नाही, पण रस्त्याच्या कडेची जागा सुटली.

ते कसं? रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई अमेरिकेत शिकायला गेली होती. परत येताना ती ब्रेल शिकून आली. ब्रेल म्हणजे कागदावर उठवलेले सहा ठिपके. ते बोटांनी चाचपून वाचायचे. लुई ब्रेल या फ्रेंच मुलाचे डोळे लहानपणी अपघातानं गेले होते, पुढं त्यानं ती लिपी तयार केली. मनोरमाबाईंनी केडगावच्या मुलींना ती शिकवली. अंध मुली वाचू लागल्या, आणि टोपल्या विणण्यासारखी हाताची कामं करू लागल्या.

त्या काळच्या हिशेबानं ही केवढी गोष्ट होती, हे समजण्यासाठी आजूबाजूला बघू. अंधांसाठी भारतातली पहिली शाळा अमृतसरला १८८७ मध्ये ॲनी शार्प बाईंनी काढली. मुंबईत ॲना मिलार्ड बाईंनी १९०० मध्ये काढली. पुण्यात अंध मुलांसाठी शाळा निघाली ती १९३४ मध्ये. म्हणजे पुणे शहराच्या कितीतरी आधी आपल्या दौंड तालुक्यातल्या एका खेड्यात अंध मुली ब्रेल वाचत होत्या. हे आपण आपल्या लेकींना सांगायला हवं.

पण इतिहास सांगताना उणी बाजूही सांगायला हवी. मुक्तीत मुली काम शिकल्या, हात चालू लागले, पोट भरलं, मान मिळाला. बहुतेकींचं सगळं आयुष्य मात्र त्या कुंपणाच्या आतच गेलं. आत शिकलेल्या कामाला बाहेर दार नव्हतं. सेवा होती, शिक्षण होतं, पण "आता तू तुझ्या पायावर बाहेर जा" असं म्हणावं, असा समाजच तेव्हा बाहेर नव्हता. मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. दार उघडण्याचं काम पुढच्यांवर राहिलं.

सरकारनं उघडलेली दारं

स्वातंत्र्यानंतर सरकारनं हळूहळू ती दारं उघडायला घेतली. १९५९ मध्ये मुंबईत अपंगांसाठी देशातलं पहिलं खास सेवायोजन कार्यालय सुरू झालं. कामासाठी नाव नोंदवायचं ठिकाण. पण नाव नोंदवलं तरी मालक विचारणार, हिला येतं काय? म्हणून १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबादला व्यवसाय पुनर्वसन केंद्रं निघाली. तिथं माणसाला काय जमतं हे प्रत्यक्ष काम देऊन पाहायचं आणि त्याप्रमाणं शिकवायचं. १९७७ मध्ये केंद्र सरकारच्या खालच्या दोन श्रेणींच्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या गेल्या.

१९९५ मध्ये पहिला पूर्ण कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात २१ प्रकार आले. सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा ४० टक्क्यांहून कमी नाही एवढं अपंगत्व असणाऱ्यांसाठी राखल्या. सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षण आलं. या कायद्यातला आणखी एक शब्द आपण गटातल्या बायांनी पाठच करावा : वाजवी सोय. म्हणजे काम तेच, पण ते करता यावं म्हणून खुर्ची उंच करणं, पायरीच्या जागी उतार करणं, अक्षर मोठं छापणं. ही कुणाची मेहरबानी नाही, तिचा हक्क आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग माणसं मोजली गेली. एवढ्यांना सरकारी नोकरी पुरणार नाही. खाजगीत जायचं, स्वतःचा धंदा करायचा, तर अनुभव लागणारच. आणि कायदा जागा राखू शकतो, अनुभव देऊ शकत नाही. तो कुठून तरी मिळवावाच लागतो.

कॉलेजातली सेवा : २४० तास

आपल्या पोरींना अनुभवाचं पहिलं दार कॉलेजातच असतं. राष्ट्रीय सेवा योजना, ज्याला सगळे एनएसएस म्हणतात. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला ती सुरू झाली. सुरुवातीला देशातली ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. नियम सोपा आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक सात दिवसांचं शिबिर. ते पूर्ण केलं की प्रमाणपत्र.

आपल्या गावांत ही शिबिरं येतात. पोरं बंधारा घालतात, झाडं लावतात, रस्ता झाडतात, संध्याकाळी पथनाट्य करतात. आपणच त्यांना पिठलं-भाकरी करून घालतो. आता आठवून बघा. त्या पोरांत कुबडी घेतलेली, जाड भिंगांची, कानात यंत्र लावलेली पोर आपण किती वेळा पाहिली? असलीच तर ती बहुतेक सावलीत बसलेली असते, पाण्याचा हंडा आणि चपला राखत.

कुणाच्या मनात वाईट असतं असं नाही. सेवा म्हणजे कुदळ-फावडं, अशी आपली समजूत आहे. पण त्याच शिबिरात घराघरांचं सर्वेक्षण असतं, त्याचे कागद जुळवायचे असतात. निराधारांचे अर्ज भरायचे असतात. रोजचा हिशेब असतो, अहवाल असतो, बायांच्या मुलाखती असतात. पायानं अधू मुलगी हिशेब का ठेवणार नाही? कमी दिसणारी मुलगी मुलाखत का घेणार नाही? ऐकू न येणारी मुलगी संगणकावर यादी का करणार नाही? २४० तास म्हणजे दिवसाचे आठ तास धरले तर पूर्ण तीस दिवसांचं काम. तेवढ्या दिवसांत माणूस एखादं काम नीट शिकतं. चपला राखण्यात ते तास गेले, तर हातात प्रमाणपत्र येतं पण सांगायला काम नसतं. मग मुलाखतीला विचारलं, "शिबिरात काय केलं?" की मुलगी गप्प होते.

पाबळची गोष्ट

खरं काम म्हणजे काय, हे बघायला शिरूर तालुक्यात पाबळला जाऊ. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग तिथं आले. अमेरिकेत शिकलेले, मोठ्या कंपनीत संशोधन केलेले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून ते पत्नीसह पाबळसारख्या दुष्काळी गावात राहिले आणि विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली, नापास झालेली मुलं त्यांनी मुद्दाम घेतली. त्यांचं म्हणणं, ही मुलं ढ नाहीत. पुस्तकातून शिकायला त्यांना जमत नसेल, हातांनी करून ती शिकतील.

तिथं मुलं वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती, जनावरांची निगा, अन्नप्रक्रिया असं सगळं थोडं थोडं शिकतात. आणि शिकताना गावाची खरी कामं करतात. कुणाचा दरवाजा बनवायचा, कुणाची वायरिंग करायची. यातली एक अट फार शहाणपणाची आहे. ही सेवा फुकट द्यायची नाही, निदान खर्चापुरते तरी पैसे घ्यायचे. कारण पैसे देणारा माणूस काम तपासून घेतो. फुकटच्या कामाला कुणी नाव ठेवत नाही, म्हणून ते करणारा शिकतही नाही. दरवाजा वाकडा झाला तर गिऱ्हाईक सांगणार, आणि पोरगं तो पुन्हा करणार. त्याचं नाव अनुभव.

विज्ञान आश्रम काही खास दिव्यांगांसाठी काढलेला नाही. पण त्याची रीत आपल्या लेकींना तंतोतंत लागू पडते. दिव्यांग मुलीच्या कामाला आपण नेहमी "वा, छान" म्हणतो. तिचं इतिवृत्त चुकलेलं असलं तरी "असू दे, बिचारीनं लिहिलं तरी" म्हणतो. मैत्रिणींनो, हे तिचं नुकसान आहे. चूक दाखवून पुन्हा करायला लावणं हा तिचा मान आहे.

सेवा म्हणजे फुकट राबणं नव्हे

आता तो खड्डा, ज्याचा उल्लेख आम्ही सुरुवातीला केला. "अनुभव मिळेल" असं सांगून लोक फुकट राबवून घेतात. दुकानात, कार्यालयात, शाळेत. एक महिना म्हणता म्हणता वर्ष होतं. दिव्यांग मुलीच्या बाबतीत हे सोपं जातं, कारण घरच्यांनाच वाटतं, "निदान बाहेर तरी पडते, पैसे नसले तरी चालेल."

हे आपण बायांनी ओळखायला हवं, कारण आपण यातूनच आलोय. घरातलं आपलं काम म्हणजे सेवा, त्याला मोल नाही. अंगणवाडी १९७५ मध्ये सुरू झाली. त्या ताईंना मानसेवी म्हटलं, पगार नाही, मानधन दिलं. २००५ पासून आशा ताई आल्या, त्याही स्वयंसेविका. गावातलं प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक लसीकरण त्यांच्या अंगावर, आणि पगारासाठी त्यांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागतात. सेवा या गोड शब्दाखाली बाईचं काम कसं स्वस्त होतं, हे आपल्याहून जास्त कुणाला माहीत?

कायद्यानंही हा फरक ओळखलाय. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं कारखान्यात शिकणाऱ्या पोराला विद्यावेतन द्यायला लावलं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार असं विद्यावेतन ठरवलं. म्हणजे शिकता शिकता केलेल्या कामालाही मोल आहे.

मग सेवा करायचीच नाही का? करायची, पण मोजून. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं काम आठवा. तरुण वयात कमरेखालची शक्ती गेली, चाकाची खुर्ची आली. त्यांनी शिक्षण पूर्ण केलं, केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी केली, आणि त्याबरोबर आपल्यासारख्यांसाठी सेवेचं काम चालू ठेवलं. १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. पुढं सिंधुदुर्गात काजूचा कारखाना निघाला, तिथं दिव्यांग माणसं काम करून कमावतात. सेवेचा शेवट कमाईत झाला पाहिजे, तो असा.

आपल्या गटानं काय करायचं

केडगावनं आपल्याला शिकवलं, की मुलीला काम शिकवा, पण बाहेरचं दारही उघडा. एनएसएसनं शिकवलं, की तास मोजा आणि कागद द्या. पाबळनं शिकवलं, की काम खरं असू द्या आणि चूक दाखवा. या तिन्ही गोष्टी एकत्र करायला आपले गट आणि ग्रामसंघ अगदी योग्य जागा आहेत. आपल्याकडे खरं काम भरपूर आहे : इतिवृत्त, रोजकीर्द, खतावणी, बँकेची पासबुकं, कर्जाच्या हप्त्यांची नोंद, मालाची लेबलं, प्रदर्शनाचा हिशेब, मोबाइलवरून ऑर्डर घेणं. आणि यातलं बहुतेक काम बसून करता येतं.

म्हणून आमची सूचना अशी.

एक. आपल्या गावात दहावीच्या पुढं शिकलेल्या दिव्यांग मुली आणि सुना किती, त्यांची यादी करा. त्यांना काय येत नाही हे लिहू नका, काय येतं ते लिहा. मुलीलाच विचारा, तिच्या आईला नव्हे.

दोन. एका मुलीला एक ठरावीक काम द्या. शिकवायला एक ताई नेमा, सीआरपी ताई किंवा गटाची सचिव. मुदत तीन महिन्यांची ठेवा, पुढं ढकलू नका. आठवड्याचे तास ठरवा. येण्या-जाण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून द्या. गटाला परवडत नसेल तर ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव घ्या.

तीन. बैठक कुठं भरते ते बघा. माडीवर भरत असेल तर खाली आणा. ऐकू न येणारी मुलगी असेल तर बोलताना तिच्याकडं तोंड करून बोला आणि ठराव फळ्यावर लिहा. कमी दिसणारी असेल तर वहीला जाड रेघा मारून द्या. यातल्या कशालाही फारसा पैसा लागत नाही.

चार. मुदत संपल्यावर ग्रामसंघाच्या कागदावर अनुभवाचा दाखला द्या. "हिची वागणूक चांगली आहे" एवढंच लिहून भागणार नाही. काय काम केलं, किती तास केलं, किती गटांच्या वह्या लिहिल्या, संगणकावर काय येतं, हे सगळं लिहा. नोकरी देणारा माणूस तेच वाचतो.

पाच. तीन महिन्यांनंतर काम पुढं चालू ठेवायचं असेल तर मोबदला द्या. जसा आपण दुसऱ्या कोणत्याही लेखनिक ताईला देतो, तसाच आणि तेवढाच. मोबदला परवडत नसेल तर तिला मोकळी करा, आणि शेजारच्या गावच्या ग्रामसंघाला, पतसंस्थेला, दुकानदाराला तिचं नाव सांगा.

याच्या जोडीला तीन कागदी कामं विसरू नका. ज्यांचं युडीआयडी कार्ड झालेलं नाही त्यांचं करून घ्या, त्याशिवाय बहुतेक योजना अडतात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभं राहून विचारा, यंदाचा किती आणि कशावर खर्च झाला? संगणक प्रशिक्षण किंवा शिलाई मशीन त्यातून मागता येतं का, तेही विचारा. आणि दिव्यांग व्यक्तींचा वेगळा बचत गट करायचा असेल तर दहा जणी जमण्याची वाट बघू नका. अभियानाच्या नियमात अशा गटाला पाच सदस्यही चालतात.

काही जणींना शंका येईल, "तिला काम लागलं तर निराधार योजनेचं अनुदान बंद होईल का?" ही शंका खरी आहे आणि तिच्यापायी पुष्कळ मुली घरात बसून राहतात. सेवेच्या कामाला पगार नसतो, प्रवासखर्च म्हणजे उत्पन्न नव्हे. पुढं पगाराचं काम लागेल तेव्हा तहसील कार्यालयात जाऊन उत्पन्नाची मर्यादा विचारा, आणि घरी बसून हिशेब मांडा : अनुदान किती आणि कमाई किती. हा हिशेब त्या मुलीनं स्वतः मांडावा. भीती घालून तिला घरी बसवू नये.

आपल्या भागाचा इतिहास भीमा आणि घोड या नद्यांच्या काठाकाठानं पसरलाय. त्यात लढाया आहेत, देवस्थानं आहेत, कारखाने आहेत. त्यात एक ऐकू कमी येणारी बाई आहे, जिनं हजारो मुलींना आसरा दिला. बोटांनी वाचणाऱ्या अंध मुली आहेत, आणि नापास पोरांच्या हातात वेल्डिंगचं यंत्र देणारा शास्त्रज्ञ आहे. त्यांनी आधी काम दिलं, माणूस ते करत करत शिकत गेलं.

पुढच्या मासिक बैठकीत कर्जफेडीची चर्चा झाली की हा विषय घ्या. आपल्या गावातल्या एका मुलीचं नाव, एका कामाचं नाव आणि शिकवणाऱ्या ताईचं नाव, एवढं इतिवृत्तात लिहा. तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा याच विषयावर बोलू. तेव्हा कोणत्या गटानं कुणाला दाखला दिला आणि त्या दाखल्यावर काम मिळालं की नाही, ते आम्हाला नक्की कळवा. अडचण आली असेल तर तीही कळवा.